बेल्ह्याची वाट : गडावरचे गोडे पाणी, लोणारचे खारे पाणी

बेल्ह्याचा बाजार सोमवारचा. जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाला, कल्याण-नगर रस्त्यावर, आळेफाटा मागे टाकून नगरकडे निघाले की हे गाव लागते. बैलांच्या बाजाराबद्दल त्याचे नाव आहे. लांबलांबचे शेतकरी तिथे येतात, बैलाचे दात पाहतात, खोंड चालवून बघतात, रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात आणि दिवस कलला की आपापल्या वाटेला लागतात. एवढ्या माणसांतून क्वचितच कोणी म्हणत असेल, की आलोच आहोत तर एक दिवस राहू आणि हा मुलूख पाहून घेऊ.

पाहण्यासारखे तिथे काय आहे, असे तुम्ही विचाराल. बेल्हे हे काही महाबळेश्वर नव्हे. थंड हवा नाही, धबधबा नाही, आणि पुढचे अणे पठार तर उन्हाळ्यात डोळ्यांना टोचेल इतके उघडे. पण एक प्रश्न खिशात घालून निघालात, तर या भागातले गड, नद्या, खडक आणि तुमचे स्वतःचे शेत ही सगळी एकाच धड्याची पाने आहेत असे दिसून येईल. प्रश्न अगदी साधा आहे. जिथे पाणी दिसेल तिथे उभे राहून विचारायचे : हे पाणी येते कोठून, आणि जाते कोठे? शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी मुलांना सहलीला नेताना एवढा एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगावा. सनावळी मागाहून पाठ होईल.

बेल्ह्याच्या जवळूनच सुरुवात करा. नगरच्या दिशेने अणे घाटाकडे निघाले म्हणजे गुळुंचवाडी लागते. इथे ओढ्यावर एक पूल आहे. तो कोणी गवंड्याने बांधलेला नाही, सरकारने मंजूर केलेला नाही. खडकाची एक सबंध कमान ओढ्याच्या दोन्ही काठांना धरून उभी आहे आणि पाणी तिच्या खालून जाते. जवळच मळगंगा देवीचे ठाणे आहे, त्यामुळे गावची माणसे जाता-येता या कमानीवरूनच जातात, आणि रोजचे असल्यामुळे त्यांना तिचे फारसे नवल वाटत नाही. पण असे नैसर्गिक पूल आपल्या काळ्या कातळात फार थोडे आहेत. आपला सह्याद्री आणि आपले पठार हे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाले. सगळे थर सारखे पक्के नसतात. एखादा घट्ट, एखादा भुसभुशीत, एखाद्याला भेगा गेलेल्या. ओढ्याच्या पाण्याला खालच्या कच्च्या भागात वाट सापडली, तो भाग कोरला गेला आणि वरचा पक्का थर कमानीसारखा राहिला. पाण्याला बाहेर जायचे होते, खडक आडवा आला, आणि पाण्याने घाई न करता खडकातून दार काढले.

हाच प्रकार दुसऱ्या रीतीने पाहायचा तर कुकडी नदीवर निघोजला जावे. नदीच्या पात्रातल्या कातळाला तिथे रांजणासारखे खोल खड्डे पडलेले आहेत. त्यांना रांजणखळगेच म्हणतात. प्रवाहाबरोबर आलेले दगडगोटे भोवऱ्यात सापडले, जागच्या जागी गरगर फिरत राहिले, आणि जात्याने दळावा तसा त्यांनी खालचा कातळ दळून काढला. निघोज पारनेर तालुक्यात, म्हणजे जिल्हा बदलतो, पण नदी तीच.

आता ही कुकडी लक्षात ठेवा, कारण आपला प्रश्न तिच्याच अंगाने पुढे जाणार आहे. ती उगम पावते पश्चिमेला, नाणेघाटाच्या परिसरात. पुढे घोड नदीला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पूर्व समुद्राला. म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावर पडलेला थेंब डाव्या अंगाला घरंगळला तर पन्नास-साठ मैलांवरच्या पश्चिम समुद्रात, आणि उजव्या अंगाला घरंगळला तर सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. वाट लांब असली तरी वाट आहे, हे महत्त्वाचे.

याच कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक हे गाव आहे. नदीने काठ खरवडला आहे त्या जागी मातीच्या थरांमध्ये राखेचा एक थर दिसतो. ही चुलीतली राख नव्हे. ज्वालामुखीतून उडालेली, काचेसारख्या बारीक कणांची ही राख आहे. आपल्याकडचे लाव्हे तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाले, मग ही आली कोठून? बहुतेक अभ्यासकांचे मत असे, की सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर टोबा नावाचा प्रचंड ज्वालामुखी फुटला, त्याची ही राख. सुमात्रा इथून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर. वाऱ्यावर स्वार होऊन ती इतक्या लांब आली, पावसाने खाली आणली, आणि कुकडीने काठाशी नेऊन साठवली. काही संशोधकांनी ही राख त्याहून पुष्कळ जुनी असल्याचे मत मांडले होते आणि त्यावरून विद्वानांत बरीच वर्षे वाद चालला. वाद होण्याचे कारण असे, की इथे आदिमानवाची दगडी हत्यारेही सापडली आहेत. राखेचे वय ठरले की हत्यारांच्या वयाला आधार मिळतो. गुरुजी, तुमच्या वर्गातल्या मुलांना सांगा, की नदीकाठची ही माती म्हणजे दप्तरखाना आहे. तिथून ढेकूळ उचलून खिशात घालायचे नाही. वाळूसाठी आणि मातीसाठी काठ तोडला गेला की त्या दप्तराची पाने गेलीच म्हणून समजा, ती पुन्हा कोणी लिहून देणार नाही.

वाटेत आळे गाव आहे. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले त्याची समाधी तिथे असल्याची श्रद्धा आहे. नारायणगावाजवळ खोडदला आकाशाकडे तोंड करून बसलेल्या प्रचंड थाळ्या दिसतील. त्या रेडिओ दुर्बिणीच्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, अशा एकूण ३०. आपल्या घरातला रेडिओ जवळच्या केंद्राचा आवाज पकडतो, या थाळ्या ताऱ्यांकडून आणि दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी पकडतात. मुलांना हे फार आवडते. आपला विषय मात्र पाण्याचा आहे, तेव्हा गडांकडे वळू.

जुन्नरच्या भोवती गडांचे कडेच आहे. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन, निमगिरी, सिंदोळा, नारायणगड. शिवनेरीवर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे कोणाला सांगायला नको. २०२५ साली मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यांत शिवनेरी आहे. पण महाराजांच्या आधी दीड हजार वर्षांहून अधिक काळ या डोंगरांत माणसाची हातोडी-छिन्नी चालू होती. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. एवढी लेणी एका ठिकाणी का कोरली गेली, याचे उत्तर नाणेघाटात आहे.

जुन्नरहून पश्चिमेला तीसेक किलोमीटर गेले की घाटमाथा येतो. पुढे एकदम कडा, आणि खाली कोकण. या कड्याला एक चिंचोळी खाच आहे, तिच्यातून दगडी वाट उतरते. कल्याण आणि सोपारा ही त्या काळची बंदरे. तिथे उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणपर्यंत जायचा. वाटेच्या तोंडाशी एक गुहा आहे, तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा हा लेख दोन हजार वर्षांहून जुना आहे. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची त्यात मोजदाद आहे : गाई किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती. आकडे चिन्हांनी लिहिलेले आहेत, आणि आपल्या देशातल्या अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. गणिताच्या शिक्षकाला यापेक्षा मोठे तीर्थ कोणते? या लेखावर आणि त्याच्या शेजारी पोरासोरांनी आपापली नावे कोरून ठेवली आहेत, ते पाहून मात्र वाईट वाटते. राणीचे नाव दोन हजार वर्षे टिकले ते तिने दान दिले म्हणून. यांनी काय दिले?

घाटाच्या वर एक भला मोठा दगडी रांजण ठेवलेला आहे. येणारा-जाणारा व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत असे, अशी समजूत आहे. आणि या वाटेवर नजर ठेवायला शेजारीच जीवधनचा किल्ला आहे.

आता या वाटेने काय काय चढत असेल, याचा विचार करा. परदेशी दारूची भांडी आणि रेशमी वस्त्रे यांचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकात असतो. पण घाटावरच्या माणसाला रोज लागणारी आणि घाटावर न पिकणारी वस्तू एकच, ती म्हणजे मीठ. ज्वारी इथे होते, तेलबिया होतात, गूळ होतो. मीठ होत नाही. ते कोकणच्या मिठागरांत पिकायचे आणि बैलांच्या पाठीवर गोणी लादून घाट चढायचे. मोटारी आणि आगगाड्या येईपर्यंत लमाणांच्या तांड्यांचा हा मोठा धंदा होता. बेल्ह्यासारख्या बाजारात बैलाची पाठ दाबून पाहण्याची जी चाल आहे, तिच्यामागे अशा कित्येक पिढ्यांची ओझी आहेत. मिठाचे राजकारणही होते. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले. कारण पोर्तुगिजांच्या मुलखातले ते स्वस्त मीठ आले की व्यापारी तिकडेच वळणार आणि संगमेश्वराकडच्या आपल्या मिठाला गिऱ्हाईक राहणार नाही. चिमूटभर मिठाकडे राजाचे लक्ष होते ते असे.

गडावर चढलात की पहिल्यांदा पाण्याची टाकी शोधा. तट आणि बुरूज नंतर. शिवनेरीवर गंगा-जमुना ही टाकी आहेत, बदामी तलाव आहे. चावंडवर एका ओळीत सात टाकी आहेत, त्यांना सप्तमातृकांची टाकी म्हणतात. पाण्यावाचून गड म्हणजे नुसता डोंगर, आणि वेढा पडला की चार दिवसांत शरण यायचे. म्हणून गड बांधणाऱ्याने आधी टाके खोदले. त्यातून निघालेला दगड तटाला वापरला, म्हणजे एका कष्टात दोन कामे झाली. काही टाकी आत खांब सोडून कोरली आहेत, वर छत आहे. त्यामुळे उन्हाने पाणी उडून जात नाही आणि ते थंडगार राहते.

इथे आपला प्रश्न विचारायचा. हे पाणी येते कोठून? पावसाचे थेट आलेले, फार तर थोड्या कातळावरून वाहिलेले. आणि जाते कोठे? टाक्याच्या कडेला पाणी ओसंडून जायला वाट असते, एखादी खाच, एखादी कोरलेली पन्हळ. या गडांवर पाऊस असा कोसळतो, की टाके पुन्हा पुन्हा भरून वाहते. गेल्या सालाचे उरलेसुरले पाणी बाहेर आणि नवे आत. म्हणूनच शेकडो वर्षे होऊनही टाक्याचे पाणी गोडे आहे. जी टाकी दगडमातीने भरली त्यांतले पाणी नासले, तो दोष खोदणाराचा नव्हे. १८१८ साली इंग्रजांनी मराठी राज्य घेतले तेव्हा इथल्या गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंग लावून उडवल्या, जीवधन-चावंड चढताना त्याच्या खुणा पायाखाली येतात. वाटा मोडल्या, पण टाकी राहिली.

आता या गोड्या पाण्याच्या उलट टोकाला चला. बेल्ह्यापासून तीनशे किलोमीटरच्या पुढे, छत्रपती संभाजीनगर आणि जालना करीत बुलढाणा जिल्ह्यात शिरायचे. वाटेवर सिंदखेडराजा आहे. जिजाबाईंचे ते माहेर, लखुजी जाधवांची समाधी तिथे आहे, आणि काळा कोट नावाची जाड भिंतींची दांडगी इमारतही. म्हणजे शिवनेरीवरून निघून आईच्या गावावरून पुढे गेल्यासारखे होते. तिथून लोणार फार लांब नाही.

लोणार हे आडबाजूचे गाव. गाव साधे, पण गावाच्या कडेला गेलात की पायाखालची जमीन एकदम संपते आणि खाली परातीसारखा गोल खड्डा दिसतो. काठापासून काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरहून जास्त, तळाला हिरवट पाण्याचे तळे. आकाशातून आलेला अशनी इथे आदळला आणि त्याच्या आघाताने कातळात हा खड्डा पडला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली, आणि पुढे दीडशे वर्षे विद्वान ज्वालामुखी की अशनी असा वाद घालीत होते. १९७३ च्या सुमारास इथल्या खडकाचे नमुने तपासले, तेव्हा फक्त प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच त्यांत सापडली आणि वाद मिटला. गावातल्या लोकांजवळ याची निराळी हकिगत आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे भुयारात राहायचा, विष्णूने त्याला मारले. त्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात आहे, आणि त्यावरचे कोरीव काम पाहायला वेळ राखून ठेवा. लवण म्हणजे मीठ. कथा करणाऱ्याला तळ्याच्या पाण्याची चव ठाऊक होती, हे उघड आहे.

खड्ड्याच्या काठावर गोमुखातून एक धार पडते. तिचे पाणी गोडे, यात्रेकरू त्यात स्नान करतात. तीच धार उतरून खाली तळ्याला मिळते आणि तिथले पाणी मात्र तोंडात धरवत नाही. हाताला लावले तर साबणासारखे बुळबुळीत लागते. पाणी आंबट की अल्क हे मोजायचे जे माप आहे, त्याला शेतकी खात्यात सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, समुद्राचा ८ च्या आसपास, आणि लोणारच्या तळ्याचा १० च्या आसपास. पूर्वी या तळ्याच्या काठावरचा क्षार काढून विकीत. साबण आणि काच करायला तो लागे, आणि त्याच्या प्रतीप्रमाणे डल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीतसुद्धा लोणारच्या या काचेच्या-साबणाच्या सामानाचा उल्लेख आहे. २०२० साली जून महिन्यात तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळीकडे गवगवा झाला. खारटपणा वाढला की जोमाने वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी हे तळे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

मग आता सांगा, वर गोडे आणि खाली खारे, असे का? अशनीने मीठ आणले काय? नाही. खडक तोच आहे, जुन्नरच्या गडांचा जो काळा कातळ तोच लोणारचा. पाऊस तोच. फरक एवढाच, की लोणारच्या परातीला पाणी आत यायला चहूकडून वाट आहे आणि बाहेर जायला एकही नाही. तिथून पाणी जाते ते फक्त आकाशात, वाफ होऊन. आणि वाफ झालेले पाणी आपल्याबरोबर मीठ नेत नाही.

हे जरा सावकाश समजून घेऊ. पावसाच्या पाण्यात मीठ जवळजवळ नसते. ते जमिनीत मुरते, खडकातून झिरपते, तेव्हा खडकाचे कण त्यात थोडेथोडे विरघळतात. त्यांत चुन्याचा अंश असतो आणि सोडियमचाही असतो. विहिरीचे पाणी आटवले की भांड्याला पांढरा थर धरतो, तो हाच. पाणी आटू लागले की पहिल्यांदा चुना बाहेर पडतो. तुमच्या काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे म्हणजे असा बाहेर पडलेला चुना. पण सोडियम सहजासहजी बाहेर पडत नाही. तो पाण्यातच राहतो, साल दर साल साठत जातो, आणि पाणी अधिकाधिक अल्क आणि खारे होते. लोणारला हजारो वर्षे हे चालले आहे. राजस्थानात सांभर सरोवर आहे, आपल्या देशातले जमिनीच्या पोटातले सर्वांत मोठे खारे तळे. तिथेही नद्या आत येतात आणि बाहेर एकही जात नाही.

एवढे ध्यानात आले की लोणार पाहून परत बेल्ह्याकडे या, पण या वेळी गडावर जाऊ नका. कोणाच्या तरी बागायती रानात जा.

जुन्नर तालुका वर घाटमाथ्याला भिजलेला आणि इकडे बेल्हे-अण्याला कोरडा. ढग घाटावरच रिकामे होतात, पूर्वेकडे येईस्तोवर त्यांच्याजवळ फारसे उरत नाही. अण्याच्या पठारावरच्या माणसांनी पाण्यासाठी काय हाल काढले ते त्यांनाच माहीत. असे असून रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला हीच माणसे आल्या-गेल्या हजारोंना आमटी-भाकरी वाढतात, हे मुद्दाम सांगायला हवे. पुढे कुकडी प्रकल्प झाला. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणे बांधली गेली, कालवे निघाले, आणि घाटमाथ्याचे पाणी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला पोचू लागले. उसाचे फड उभे राहिले, कांदा आणि टोमॅटो होऊ लागला. पाणी आले याचा आनंद खरा आहे, आणि तो असायलाच हवा.

पण आपला प्रश्न अर्धाच सुटला आहे. कालव्याचे पाणी येते कोठून ते कळले. रानातून जाते कोठे?

रान उताराचे, हलक्या मुरमाड जमिनीचे असेल तर ते मुरून ओढ्याला मिळते. पण सखल, भारी काळे रान असेल, चारी बाजूंची बांधबंदिस्ती पक्की असेल, जुना ओहळ बुजवून तिथेही ऊस लावलेला असेल आणि पाटाचे पाणी पाळीला आले म्हणून भरपूर सोडले जात असेल, तर त्या रानाचे लोणार होते. हे अतिशयोक्तीने बोलत नाही. जमिनीखालची पाण्याची पातळी चढत जाते. ती मुळांच्या जवळ आली की दिव्याची वात तेल ओढते तशी माती पाणी वर ओढते, ऊन पाणी नेते आणि क्षार वर ठेवते. पहिल्यांदा बांधाच्या कडेला पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. मग पिकात टकले पडतात, बी उगवत नाही. पुढे पुढे जमीन चोपण होते : ओली असता लोण्यासारखी चिकट, वाळली की दगडासारखी टणक, वर पाणी साचून राहते आणि आत मुरत नाही. नीरेच्या कालव्यांवर, प्रवरेच्या आणि कृष्णेच्या काठी ऊसकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी अशा गेल्या. पाण्याअभावी गेल्या नाहीत, पाणी जायला वाट नव्हती म्हणून गेल्या. खत वाढवले, बियाणे बदलले, पाणी आणखी दिले. या शेवटच्या उपायाने रोग झपाट्याने वाढला.

यावर इलाज गडावरच्या टाकेवाल्याचाच आहे. सांडव्याची खाच. रानाच्या सखल अंगाला खोल चर काढून तो ओढ्याला जोडायचा. चर काढणे परवडत नसेल किंवा जागा जात असेल तर जमिनीखालून छिद्रांचे पाइप घालून निचरा करण्याची पद्धत आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. हे एकट्याचे काम नव्हे. वरच्याने चर काढला आणि खालच्याने तो अडवला, तर वरच्याचे रान भिजत राहणार आणि खालच्याचे त्याआधी जाणार. शिवेवरून जेवढी भांडणे होतात त्यांतली निम्मी शक्ती चाराच्या कामी लागली तर बरे.

आणखी एक गोष्ट, कारण यात पुष्कळांचा पैसा वाया जातो. क्षारपड म्हटली की कोणी तरी सांगते, जिप्सम टाका. जमीन नुसती खारवट असेल, म्हणजे सामू ८.५ च्या खाली आणि विरघळणारे क्षार मात्र जास्त, तर तिला जिप्समची गरज नसते. निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हाच तिचा उपाय. सामू ८.५ च्या वर जाऊन जमीन चोपण झाली असेल तेव्हा जिप्सम कामाचे. त्यातला चुन्याचा अंश मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो आणि त्याला सुटा करतो. पण सुटा झालेला सोडियम वाहून जायला चर नसेल तर तो तिथेच घुटमळतो आणि पोत्यांचे पैसे फुकट जातात. आधी निचरा, मग जिप्सम, मग ताग किंवा धैंचा गाडून हिरवळीचे खत, हा क्रम आहे. दोन्ही जमिनी डोळ्यांना सारख्याच पांढुरक्या दिसतात, त्यामुळे माती तपासल्याशिवाय काय आहे ते कळत नाही.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. दोन सारखे डबे घ्या. एकाच्या बुडाला भोके पाडा, दुसरा तसाच ठेवा. दोहोंत एकाच रानातली काळी माती भरा आणि उन्हात ठेवून विहिरीचे पाणी द्या. भोकाच्या डब्याला खालून निथळेल इतके द्यायचे, बंद डब्याला मातीच्या तोंडापर्यंत. पाण्यात चिमूटभर मीठ घातलेत तर निकाल लवकर दिसेल. महिना-दीड महिन्याने दोन्हींत मेथी पेरा. कोणत्या डब्यात काय उगवले ते मुलांनी वहीत लिहावे, आणि घरी जाऊन वडिलांना दाखवावे. आमच्या सांगण्यापेक्षा पोराची वही घरात जास्त वाचली जाते.

सहलीला निघायचे ते पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे. तेव्हा टाकी भरलेली असतात, कुकडीला पाणी असते आणि गडाच्या वाटा वाळलेल्या असतात. भर पावसात जीवधनच्या कड्यावर मुलांना नेऊ नका. गुळुंचवाडी, बोरी आणि आळे एका दिवसात होतात. शिवनेरीला एक दिवस द्या, नाणेघाटाला एक. लोणारला जाणे जमले तर खाली तळ्यापर्यंत उतरा, वरूनच पाहून परतू नका.

आणि घरी आल्यावर रान मोकळे असेल तेव्हा मातीचा नमुना घ्या. रानात वळणावळणाने आठ-दहा जागा निवडा, बांधाची आणि खताच्या ढिगाची जागा सोडून. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. सगळी एकत्र कालवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करीत अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरा, गट नंबर आणि तारखेची चिठ्ठी आत घाला, आणि जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत पाठवा. कृषी सहायकाकडे दिलीत तरी चालते. विहिरीच्या पाण्याचीही एक बाटली बरोबर द्या. खताची रिकामी गोणी मात्र नमुन्याला वापरू नका.